न सापडलेल्या शब्दांची यादी

सूचीकाकांनी शहरातली पहिली साथ जाहीर केली ती एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, आणि गुरुवारी दुपारपर्यंत ती साथ नसून सहावीच्या वर्गाचा गृहपाठ आहे, हे सिद्ध झालं. अवघ्या दोन दिवसांत एवढी मोठी साथ समूळ आटोक्यात आल्याचं दुसरं उदाहरण वैद्यकशास्त्रात नसावं. पण त्याचं श्रेय काकांना कोणी दिलं नाही.

काका सार्वजनिक ग्रंथालयात सूचीकार होते. कोणतं पुस्तक कोणत्या विषयाखाली, कोणत्या क्रमांकानं, कोणत्या कपाटात जाईल हे ठरवणारा माणूस. पुस्तक काय, कोणीही लिहितो. ते नेमक्या जागी ठेवायला अक्कल लागते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत ते बदलावं असं एकही पुस्तक त्यांच्या हातात आलं नव्हतं.

ग्रंथालयाच्या चार शाखा होत्या. चारही वाचनकक्षांत फुकट इंटरनेट होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर म्हणा, स्वतःच्या मोबाइलवर म्हणा, ते सुरू केलं की आधी उघडायचं ग्रंथालयाचं पान आणि त्यावर पुस्तक शोधायचा एक पांढरा चौकोन. लोकांना वाटायचं, सगळं जग या चौकोनात बसलं आहे. त्यामुळे त्यात 'भाडेकरू घर सोडत नाही', 'जावई बोलत नाही', 'टक्कल थांबेल का' असलं वाट्टेल ते येऊन पडायचं. बिचारा चौकोन प्रत्येकाला 'क्षमस्व, या नावाचं पुस्तक आढळलं नाही' असं सांगून हात जोडायचा. अशा न सापडलेल्या शब्दांची यादी दर सोमवारी काकांच्या टेबलावर यायची. शब्द, तारीख आणि शाखा, एवढंच. शोधणाऱ्याचं नाव नाही, नंबर नाही. लोकांना काय वाचायचं आहे ते कळावं आणि तशी पुस्तकं घ्यावीत म्हणून ही यादी सुरू झाली होती. पुढे पुस्तकं घेणं बंद पडलं, पण यादी चालूच राहिली, कारण ती बंद करायचा हुकूम काढायचं कोणाला सुचलं नाही.

काका मात्र ती यादी इमानेइतबारे वाचायचे. त्यांच्या वरच्या मजल्यावर राहणारे कप्तान तर त्यांना जिन्यात गाठून, तो न बोलणारा जावई कोणाचा, हे खोदून खोदून विचारायचे. (कप्तान म्हणजे मालवाहू जहाजावरचे निवृत्त भांडारी. सुकाणूला त्यांनी कधी हात लावला नव्हता, पण जिन्यात ते असे उभे राहायचे, की लोकांच्या तोंडून आपोआप कप्तान निघायचं.) यादीत नाव नसतं हे काकांनी त्यांना दहादा सांगितलं. कप्तानांच्या मते काका पक्के आतल्या गाठीचे होते.

तर त्या सोमवारी टेकडीवरच्या शाखेच्या यादीत 'गोवर' हा शब्द त्रेसष्ट वेळा आला. आदल्या आठवड्यात तो एकदाही नव्हता. काकांच्या छातीत धस्स झालं, आणि खोटं कशाला बोला, थोडंसं बरंही वाटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या टेबलावर काहीतरी घडलं होतं. रात्रीच त्यांनी आरोग्य खात्याला तीन पानी पत्र लिहिलं, तळटिपांसकट, आणि मंगळवारी स्वतः नेऊन दिलं. आरोग्य अधिकारीबाईंनी शहानिशा करायला दोन परिचारिका टेकडीवर धाडल्या. त्या माउल्यांनी दोन दिवसांत एकशे चाळीस दारं वाजवली. एका मुलाच्या गालावर लाल ठिपके होते, ते शाईचे निघाले. गुरुवारी एका शाळेच्या दारात सहावीच्या मास्तरांनी सांगितलं, की शुक्रवारी मुलांना 'गोवर: लक्षणे, कारणे व प्रतिबंध' असा प्रकल्प दिला होता, आणि प्रकल्प फार सुंदर झालेत, बघता का?

पुढचं काय सांगावं. ग्रंथालयाच्या प्रमुखांनी लेखी समज दिली, की सूचीकारांनी पुस्तकांच्या प्रकृतीपुरतं लक्ष घालावं. इमारतीतली माणसं सकाळी दूध घेताना 'काय काका, आज कोणती साथ?' असं विचारू लागली. तळमजल्यावरच्या शिंप्यानं तर माप घेता घेता शिंक दिली आणि 'हे यादीत लिहू नका हं' म्हणून हात जोडले. काका हसून साजरं करायचे आणि घरी येऊन जेवताना पोळीवर राग काढायचे.

काकूंनी तीन दिवस हे पाहिलं. काकू गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि उत्तर चुकलं तर रडण्यापेक्षा पायरी कुठे चुकली ते बघावं, हा त्यांचा आयुष्यभराचा खाक्या होता. चौथ्या दिवशी त्यांनी काकांकडून ती यादी मागून घेतली, चष्मा लावला आणि पाच मिनिटांत खाली ठेवली. त्यांचं म्हणणं असं, की त्रेसष्टच्या त्रेसष्ट मुलांनी 'गोवर' एकसारखा लिहिलाय, पुढे 'लक्षणे' आणि 'प्रतिबंध' एकसारखे लिहिलेत, एकाचीसुद्धा वेलांटी चुकलेली नाही. हे फळ्यावरून उतरवलेलं आहे हे आंधळ्यालाही दिसावं.

"ज्याच्या घरात दुखणं असतं, तो शुद्धलेखन बघत बसत नाही," काकू म्हणाल्या. "आणि त्याला रोगाचं नावही ठाऊक नसतं. तो आपला जे दिसतं ते लिहितो."

आयुष्यभर त्यांनी लोकांच्या वेलांट्या सुधारल्या होत्या. चुकलेल्या वेलांटीत काही अर्थ असू शकतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. पण त्यांच्यातली चांगली गोष्ट अशी, की खरं बोललेलं त्यांना थोड्या उशिरानं का होईना, पटायचं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या याद्या घरी आणल्या. जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा तेवढा जेवायला शिल्लक राहिला. ताप, खोकला, जुलाब, खाज हे शब्द साध्यासुध्या आठवड्यात किती वेळा येतात ते काका मोजायचे आणि काकू चौकटीच्या कागदावर ठिपके मांडायच्या. त्यातून कितीतरी गोष्टी कळल्या. परीक्षेच्या आठवड्यात चारही शाखांत 'पोटात गोळा' वाढतो. टीव्हीवरच्या मालिकेतली नायिका आजारी पडली की आठ दिवस अर्ध्या शहराला तोच आजार झालेला असतो, आणि ती बरी झाली की शहरही बरं होतं. हे सगळं वजा करायला शिकलं पाहिजे, असं काकू म्हणाल्या, आणि काका शिकले.

दीड महिना असा गेला. मग एका सोमवारी नदीपलीकडच्या शाखेच्या यादीत काकांना दिसलं: 'डोळे पिवळे दिसतात'. त्याखाली 'लगवी चहासारखी'. आणखी खाली 'डोले पिवले उपाय', 'अन्नाचा वास सहन होत नाही', 'अंगाला खाज आणि लगवी लाल'. काकांनी मोजले, अकरा निघाले. अशा शब्दांची तिथली सवय महिन्याला एक, फार तर दोन. बाकीच्या तीन शाखांत काहीच नव्हतं. शाळेला सुट्टी होती. मालिकेतल्या नायिकेची तब्येत ठणठणीत होती, काकूंनी मुद्दाम बघून सांगितलं. आणि अकरातली एकही ओळ दुसरीशी जुळत नव्हती.

दुधानं तोंड पोळलेल्या माणसासारखे काका त्या कागदावर फुंकर घालत बसले. त्रेसष्ट घेऊन गेलो तर ही गत, अकरा घेऊन गेलो तर दारातूनच घालवतील. कदाचित यादी बाजूला ठेवून ते पुढच्या सोमवारची वाट बघत बसलेही असते. पण अकरावी ओळ अशी होती: 'सातवा महिना डोळे पिवळे झाले काय करू'.

तिच्यापुढे, नेहमीप्रमाणे, तारीख आणि शाखा होती. आणि चौकोनानं तिला सांगितलं होतं, क्षमस्व, या नावाचं पुस्तक आढळलं नाही.

काकांनी छत्री उचलली, प्रमुखांना अर्ध्या दिवसाच्या रजेची चिठ्ठी टाकली आणि आरोग्य खात्याच्या कचेरीत गेले. खिडकीत कारकून होता. त्यानं आजार कळवण्याचा छापील नमुना पुढे केला. त्यात कळवणारा कोण, याला तीनच रकाने होते: डॉक्टर, दवाखाना, प्रयोगशाळा. काकांनी चौथा रकाना आखू का विचारलं. कारकून म्हणाला, छापील नमुन्यावर रेघ मारली तर नमुना रद्द होतो, आणि नवा नमुना घ्यायला जुना परत करावा लागतो.

"रोगी तुम्ही स्वतः पाहिलात का?" त्यानं विचारलं.

"रोगी नाही पाहिला. त्यांचे शब्द पाहिले."

कारकुनानं काकांकडे अशा नजरेनं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर तिथूनच घरी गेला असता. काकाही जायला वळले होते. पण बाकावर पायाची टाच चोळत बसलेल्या एका परिचारिकेनं त्यांना ओळखलं. टेकडी चढलेल्या दोघींपैकी ती एक. काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तिनं शांतपणे विचारलं, आज कुठे चढायचंय? काकांनी ओशाळून सांगितलं, नदीपलीकडे, तिथे चढ नाही. आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वाचला, शेवटच्या ओळीवर थांबली, चप्पल पायात सरकवली आणि त्यांना घेऊन थेट अधिकारीबाईंच्या खोलीत शिरली.

अधिकारीबाईंनी मागचा राग काढला नाही, हे त्यांचं मोठेपण. काकूंचे ठिपके त्यांनी दोनदा नीट पाहिले. पाणी बिघडलं की ही अशी कावीळ पसरते, बाकीच्यांना ती बरेचदा सोसते पण गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते, हेही त्यांनीच सांगितलं. पण पाण्याचा नळ उकरायचा तर रस्ता खणावा लागतो, त्याला दुसऱ्या खात्याची सही लागते, आणि ती सही मागच्या वेळच्या गोवराची गोष्ट ऐकून आधीच हसत बसली होती.

"अकरा ओळींवर मी रस्ता खणू शकत नाही, काका. मला एक रुग्ण आणून द्या. रक्त तपासलेला एकच रुग्ण. मग पुढचं माझ्यावर सोडा. आणि तोवर गावभर बोभाटा करू नका."

बोभाटा न करण्याचं वचन काकांनी दिलं आणि पाळलंही. पण घरी जिन्यात ते काकूंना हळू आवाजात सगळं सांगत होते, तेव्हा वरच्या कठड्याशी कप्तान हवा खात उभे होते. अर्ध्या तासात सगळी इमारत काकांच्या दारात डोळे दाखवायला हजर झाली. नदीपलीकडचं पाणी या इमारतीला येत नाही, हे कोणी ऐकून घेईना. शिंप्याचे डोळे खरोखरच पिवळे दिसत होते. तो रडवेला झाला. काकूंनी त्याला जिन्यातल्या पिवळ्या दिव्याखालून खिडकीपाशी नेलं, तसा तो बरा झाला. कप्तानांनी सल्ला दिला, की गच्चीवर पिवळं निशाण लावावं, जहाजावर साथ आली की तशी पद्धत असते. निशाणासाठी त्यांनी शिंप्याकडून कापडही आणलं होतं.

सगळे गेल्यावर काका म्हणाले, मी रुग्ण आणू कुठून? यादीत नाव नसतं याचा मला आजवर अभिमान होता. काकू म्हणाल्या, तो अजून ठेवा. तुम्हाला तिच्यापर्यंत जाता येत नाही, पण ती तुमच्यापर्यंत येतेच आहे की. तिनं एकदा विचारलंय, ती परत विचारेल. उत्तर मिळेपर्यंत माणूस तिथेच परत परत विचारतो, वर्गात मी हेच पाहत आले.

काका ताडकन उठले. पुस्तक आढळलं नाही, एवढीच अडचण होती ना? मग पुस्तक करावं. पुस्तकाची नोंद करायला साऱ्या शहरात फक्त एका माणसाच्या सहीची गरज होती, आणि तो माणूस ते स्वतः होते.

अर्थात नोंद करायची तर पुस्तक प्रत्यक्ष असलं पाहिजे. काकांनी आयुष्यात खोटी नोंद केली नव्हती. तेव्हा त्यांनी एका कागदाची घडी घातली, चार पानं झाली, मध्ये टाचणी मारली. मजकूर त्यांनी मन लावून लिहिला: 'यकृत हा मानवी देहातील एक श्रमशील परंतु दुर्लक्षित अवयव होय.' मंगळवारी सकाळी परिचारिकेला वाचायला दिला. तिनं लाल पेन काढलं आणि यकृत, श्रम, दुर्लक्ष सगळं खोडलं. काकांचा जीव तीळ तीळ तुटला. शेवटी चार वाक्यं उरली: डोळे पिवळे किंवा लघवी चहासारखी दिसत असेल तर आजच डॉक्टरांकडे जा. गरोदर असाल तर सरकारी इस्पितळात आत्ता जा, उद्यावर टाकू नका. पाणी खळखळ उकळून प्या. सोबत हा कागद दाखवा. खाली इस्पितळाचा फोन नंबर.

खरी परीक्षा पुढेच होती. हे पुस्तक सापडायचं तर लोक ज्या शब्दांनी शोधतात त्याच शब्दांखाली नोंदवायला हवं. मग काकांनी ओठ घट्ट मिटून, स्वतःच्या हातानं, 'डोळे पिवळे' या विषयाखाली 'डोले पिवले' लिहिलं. 'लघवी' खाली 'लगवी' लिहिलं. एकतीस वर्षं गंगेसारखी निर्मळ ठेवलेली सूची त्यांनी अशी चौदा ठिकाणी बाटवली. लेखकाचा रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणून तिथे 'सूची विभाग' घातलं. चार शाखांना चार प्रती पाठवल्या, चारही वाक्यं फोन नंबरासकट नोंदीतच सारांश म्हणून उतरवली आणि बुधवारी दुपारी नोंद पक्की केली.

प्रमुखांना ती गुरुवारी दिसली. चार पानांच्या पुस्तकाला ग्रंथालयाचा शिक्का कसा, आणि सूचीत या अशा चुका कशा, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. नोंद काढून टाकायला सांगितलं. काका आजवर प्रमुखांपुढे मान वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी ते म्हणाले, की नोंद काढायला सूचीकाराची लेखी शिफारस लागते, असा नियम आहे, आणि ती शिफारस मी करत नाही. आवाज जरा कापला, पण वाक्य पुरं झालं. प्रमुख नियमांचं पुस्तक शोधायला गेले. ते नेमकं कोणत्या कपाटात आहे, हे फक्त काकांना माहीत होतं, आणि त्यांना कोणी विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी काकू ठिपक्यांचे कागद आवरत होत्या, तेव्हा फोन वाजला. पलीकडे अधिकारीबाई होत्या.

"काका, रुग्ण मिळाला," त्या म्हणाल्या. "स्वतः चालत आली."

सातव्या महिन्यातली एक बाई दुपारी नवऱ्याबरोबर इस्पितळात आली होती. तिनं डॉक्टरांपुढे मोबाइल धरला, त्यावर काकांची नोंद होती, आणि या पुस्तकाचा पुढचा भाग कुठे मिळेल, असं विचारलं होतं. तिला लगेच दाखल केलं, रक्त तपासलं, कावीळ पक्की झाली. वेळेवर आली म्हणून वाचली, असं डॉक्टर म्हणत होते. तिच्यामागून आणखी तिघं आली. तिघांच्याही मोबाइलवर तीच चार वाक्यं.

सही हसायची थांबली. शनिवारी रस्ता खणला, तेव्हा पिण्याच्या नळाच्या सांध्यात फट आणि त्यावर ठिबकणारा सांडपाण्याचा पाइप सापडला. नदीपलीकडच्या वस्तीला टँकरचं पाणी सुरू झालं, परिचारिका दारोदार गेल्या, या वेळी त्यांना एकूण अडतीस आजारी माणसं सापडली. एकही दगावलं नाही. काकांनी ती अडतीस माणसं कधी पाहिली नाहीत. त्या बाईचं नाव अधिकारीबाई सांगायला निघाल्या होत्या, काकांनीच नको म्हटलं. दोन महिन्यांनी तिची मुलगी सुखरूप जन्मली, एवढं मात्र त्यांनी मागून विचारून घेतलं.

त्यानंतर काकांचे दिवस पालटले, असं म्हणायला हरकत नाही. प्रमुख आलेल्यागेलेल्याला 'आमचा सूची विभाग' म्हणून काकांचं टेबल दाखवू लागले. कप्तान जिन्यात सांगू लागले, की साथ पहिल्यांदा त्यांच्याच कानावर आली, आणि काटेकोरपणे पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. आणि आरोग्य खात्यानं पत्र पाठवलं: दर मंगळवारी डॉक्टरांची बैठक असते, तिथे सूचीकारांनी यादीसह यावं.

पहिल्या बैठकीसाठी काकांनी इस्त्रीचा सदरा घातला. काकूंनी ठिपक्यांचा नवा कागद गुंडाळी करून दिला आणि कचेरीपर्यंत बरोबर आल्या, दारात थांबते म्हणाल्या. अधिकारीबाईंनी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली. लांब टेबलाभोवती अकरा डॉक्टर बसले होते. प्रत्येकानं आपापला अहवाल वाचला, आणि मग अधिकारीबाई म्हणाल्या, आता ग्रंथालय.

काका उभे राहिले. आदल्या दिवशी त्यांनी चारही याद्या तीन तीनदा वाचल्या होत्या. ताप नेहमीइतका, खोकला नेहमीइतका, पोटातला गोळा नेहमीइतका. दाखवण्यासारखं एक अक्षरही नव्हतं. रात्रभर त्यांना याची लाज वाटत होती. एवढ्या मोठ्या लोकांपुढे रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यांनी कागद उलगडला, चष्मा सावरला.

"चारही शाखांत," ते म्हणाले, "या आठवड्यात काही नाही."

अकरा डॉक्टरांनी माना खाली घालून ते लिहून घेतलं. अधिकारीबाईंनी लिहून झाल्यावर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, की या टेबलावर याहून चांगली बातमी फार दिवसांत आली नाही, पुन्हा एकदा वाचा.

काकांनी मागे वळून काकूंकडे पाहिलं. काकू ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर. मग काका टेबलाकडे वळले आणि त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी खणखणीत आवाजात, एकेक अक्षर सुटं करून.